जरा उजेडात बसता का?

माहितीपट म्हणजे सत्य, असे माहितीपट करणारे सगळेच सांगतात. सिनेमावाले खोटे सेट लावतात, खोटा पाऊस पाडतात, पन्नाशीच्या नायकाला कॉलेजात पाठवतात. आम्ही मात्र जे आहे ते दाखवतो. हे बोलून झाले की दिग्दर्शक ज्यांच्या घरी आलेला असतो त्या काकांकडे वळतो आणि म्हणतो, "काका, जरा उजेडात बसता का? ही खुर्ची इकडे घेऊ. तो फ्रिज दिसतोय, त्याच्यावर चादर टाकू. तुम्ही अगदी नेहमीसारखे बसा हं." काका वर्षानुवर्षे ज्या कोपऱ्यात पेपर वाचत आले, तिथे आता लाइटचा स्टँड उभा असतो. काका स्वतःच्याच घराच्या मधोमध, दूरच्या नात्यातल्या लग्नाला आल्यासारखे, नेहमीसारखे बसतात.

मी अशा माहितीपटांची निवेदने लिहितो. निवेदन लिहिणाऱ्याला चित्रीकरणाच्या जागी काहीच काम नसते. म्हणून त्याच्या हातात थर्माकोलचा तक्ता देतात आणि काकांच्या डाव्या गालावर उजेड पाडायला सांगतात. थर्माकोल धरणाऱ्याकडे कुणाचे लक्ष नसते, त्यामुळे त्याला सगळे दिसते. मला दिसले ते असे : कॅमेरा कुठे ठेवायचा याची कारणे तीन ठिकाणी तीन वेगळी असतात. पुस्तकात लिहिलेले असते की कॅमेरा खाली ठेवला तर माणूस मोठा वाटतो, वर ठेवला तर केविलवाणा, आणि डोळ्यांच्या पातळीवर ठेवला तर आपल्यातला. प्रत्यक्ष घरात कॅमेरा खाली ठेवला जातो, कारण ट्रायपॉडचा एक पाय लॉक होत नाही. आणि महोत्सवात प्रश्नोत्तरांच्या वेळी कुणी विचारले, "ते लो अँगल तुम्ही सत्तासंबंध सूचित करण्यासाठी योजले का?" तर दिग्दर्शक क्षणभर छताकडे बघतो आणि म्हणतो, "मला ही फिल्म पहिल्या दिवसापासून खालूनच दिसत होती."

यात दिग्दर्शकांचा दोष नाही. घराणेच तसे आहे. १८९५ साली ल्युमिएर बंधूंनी फ्रान्समधल्या ल्यों शहरात आपल्याच कारखान्याच्या फाटकासमोर कॅमेरा उभा केला आणि काम सुटून बाहेर पडणारे कामगार टिपले. पाऊण मिनिटाचा ऐवज. कॅमेरा हलला नाही, पुढे गेला नाही, कुणाच्या डोळ्यांतले पाणी टिपायला धावला नाही. याहून निर्मळ सत्य कोणते असणार? पण या फिल्मच्या तीन आवृत्त्या उपलब्ध आहेत. एकीत एका घोड्याची गाडी बाहेर पडते, दुसरीत दोन घोड्यांची, तिसरीत घोडाच नाही; अभ्यासक त्या घोड्यांच्या संख्येवरूनच ओळखतात. म्हणजे माहितीपटाच्या जन्मकाळीच रिटेक झाले. बहुतेक कामगार कॅमेऱ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, याबद्दल या बंधूंच्या दिग्दर्शनाचे कौतुक होते. कॅमेऱ्यामागे मालक उभे होते, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

आपल्याकडे या घराण्याच्या सुरुवातीचा मान हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांचा. १८९९ साली त्यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती चित्रित केली. विषय निवडावा तर असा. एकमेकांच्या मानेवर हात टाकून बसलेल्या दोन पैलवानांना "माझी कुठली बाजू चांगली दिसते?" हे विचारायला फुरसत नसते. पुढे १९०१ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत 'रँग्लर' हा मान मिळवलेले परांजपे तिथून परतले, त्यांच्या स्वागताचेही चित्रीकरण सावेदादांनी केले. तेव्हापासून सत्कारसमारंभ चित्रित करण्याची जी प्रथा पडली ती आजतागायत अखंड सुरू आहे. रँग्लर तेवढे कमी झाले.

आणि १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी 'अंकुराची वाढ' केला. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का केला आणि दिवसामागून दिवस एकेक फ्रेम घेत राहिले. पडद्यावर मातीतून कोंब वर आला आणि बघता बघता वेल झाला. माहितीपटाच्या इतिहासात इतके गुणी पात्र पुन्हा मिळाले नाही. त्याला उजेडात बस म्हणून सांगावे लागले नाही. झाड आपण होऊन उजेडाकडे वळते. त्याने "हे टीव्हीवर कधी लागणार?" असे विचारले नाही. हे दाखवून फाळक्यांना पुढच्या चित्रपटासाठी पैसे देणारी माणसेही मिळाली. माहितीपट बघून कुणी खिशात हात घातल्याची घटना त्यानंतर क्वचितच नोंदली गेली असावी.

खरी घरफोडी केली ती रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी. 'नानूक ऑफ द नॉर्थ' हा त्यांचा १९२२ सालचा माहितीपट कॅनडाच्या बर्फाळ उत्तरेत राहणाऱ्या एका इन्युइट कुटुंबावर आहे. इग्लूच्या आतले दृश्य हवे होते. आत कॅमेरा मावेना आणि मावला तरी अंधार. मग फ्लाहर्टींनी काय करावे? अर्धा इग्लूच काढून टाकला. उरलेल्या अर्ध्यात, अंगावर वारा घेत, ते कुटुंब झोपी जाते आणि सकाळी उठते. जगभरच्या प्रेक्षकांनी म्हटले, वा, किती उबदार घर!

मुंबईतल्या वन रूम किचनमध्ये चित्रीकरणाला गेलेला प्रत्येक कॅमेरामन मनातून फ्लाहर्टी असतो. भिंत एकच पाडायची असते. पण सोसायटीची कमिटी तयार होत नाही. मग तो मागे सरकतो. पाठ कपाटाला टेकते. कपाट सरकवतात. पाठ भिंतीला टेकते. मग तो न्हाणीघराचे दार उघडतो, एक पाय बादलीत नाही पण बादलीच्या अगदी शेजारी ठेवतो, आणि आतून हाक देतो, "आता मस्त डेप्थ मिळाली!" कामगार चळवळीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याचा भारदस्त मास्टर शॉट असा न्हाणीघरातून घेतलेला मी पाहिला आहे. पाहणाऱ्यांनी त्यातल्या 'अंतराचे' फार कौतुक केले.

फ्रेम लागली की ध्वनिमुद्रकाचे राज्य सुरू होते. कॅमेरामनला जे दिसत नाही ते याला ऐकू येते. आधी पंखा बंद. मग फ्रिज बंद, आणि फ्रिज पुन्हा सुरू करायला विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये. ही या धंद्यातली जुनी आणि खात्रीची युक्ती आहे. घरच्या बाई पाणी काढायला फ्रिज उघडतात, किल्ली बघतात, आणि सिनेमाच्या लोकांविषयी त्यांचे जे मत असते ते कायम होते. ट्यूबलाइटचे आणखी वेगळे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटरचा वेग त्याच्याशी जुळवला नाही, साधारण सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवला नाही, तर काकांच्या तोंडावरून पट्टे सरकत राहतात. तेवढ्यात काकांच्या शर्टाच्या बारीक चौकड्या मॉनिटरवर पाण्यासारख्या हलू लागतात. शर्ट बदलायला हवा. काकांनी हाच शर्ट मुद्दाम विकत आणलेला असतो.

शेवटी 'रूम टोन'. मुलाखत संपल्यावर खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट मुद्रित करायची असते, संकलनात सांधे बुजवायला. अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प बसायचे, एवढेच. मराठी घरात ते कधीही साधत नाही. दहाव्या सेकंदाला कुणीतरी कुजबुजत विचारते, "चहा टाकू का?" आणि बाराव्या सेकंदाला सगळे मिळून त्याला गप्प करतात.

पार्श्वभूमीवरून होणारा झगडा मात्र तात्त्विक असतो. चित्रीकरण होणार हे कळल्यावर यजमान आदल्या दिवशी घर आवरतात. पोपडे आलेल्या भिंतीपुढे शोकेस आणतात. शोकेसमध्ये मुलीच्या ट्रॉफ्या, ताजमहाल, आणि कधीही न कोमेजणारी फुले. दिग्दर्शक येतो आणि हे सगळे बघून त्याचा चेहरा पडतो. त्याला पोपडे हवे असतात. 'टेक्श्चर आहे' असे तो म्हणतो. शोकेस हलवली जाते, पोपडे उजेडात येतात, आणि घरच्या बाई आतल्या खोलीत जाऊन नवऱ्याला विचारतात, "हे आपल्याला गरीब दाखवणार आहेत का?" या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही चित्रपटशाळेच्या अभ्यासक्रमात नाही. दिवाळीला घर रंगवण्याइतकी ऐपत आहे हे त्यांचे सत्य, आणि भिंतीला ओल आहे हे दिग्दर्शकाचे. दोघेही खोटे बोलत नसतात. फक्त कॅमेरा एकाच्याच मालकीचा असतो.

शेतात गेले की यापुढचा अंक. शेतकऱ्यावरच्या माहितीपटात शेतकऱ्याने आकाशाकडे बघितलेच पाहिजे, असा कायदा आहे. कपाळावर आडवा हात, डोळे किलकिले, मागे भेगाळलेली जमीन आणि कॅमेरा वरून. दिग्दर्शक म्हणतो, "दादा, जरा वर बघा." दादा वर बघतात. "वर काय हाय?" "पाऊस येतोय का ते बघताय." दादा खिशातून मोबाइल काढतात, "शुक्रवारनंतर दावतोय," असे सांगतात आणि परत ठेवतात. दिग्दर्शकाने तो मोबाइल टिपला असता तर आजच्या शेतीवरचा उत्तम शॉट मिळाला असता. पण मोबाइल फ्रेममध्ये 'विसंगत' दिसतो. दादांना पुन्हा वर बघायला लावतात.

इथे विनोद जरा बाजूला ठेवावा लागतो. कारण शेतकरी नेहमी वरून आणि साहेब नेहमी खालून, ही वाटणी ट्रायपॉडच्या बिघडलेल्या पायाने केलेली नाही. नाझींच्या १९३४ च्या न्यूरेंबर्ग मेळाव्यावर जर्मन दिग्दर्शिका लेनी रिफेनश्टालने 'ट्रायम्फ ऑफ द विल' केला, तेव्हा कॅमेरे फिरवायला रूळ टाकले होते आणि ध्वजस्तंभाला कॅमेऱ्यासाठी चक्क लिफ्ट बसवली होती. नेता खालून, आकाशावर कोरलेला. माणसे वरून, रांगेत मांडलेली. फिल्ममध्ये निवेदन जवळपास नाहीच. माझ्या धंद्यातल्या माणसाने हे नीट लक्षात ठेवावे : शब्दाची गरजच उरली नव्हती, अँगल बोलत होता.

हा अँगल आपल्या वॉर्डापर्यंत पोचायला फार वेळ लागला नाही. नगरसेवकांच्या कार्यअहवालाची फिल्म करताना कार्यकर्त्यांचा आग्रह असतो, "साहेबांना खालून घ्या, रुबाब येतो." खालून घेतले की रुबाबाआधी दुसरी हनुवटी येते. मग साहेब मान उंचावतात. मान उंचावली की नाकपुड्या दिसतात. साहेब स्वतःच मॉनिटरवर बघतात आणि लोकशाहीच्या हिताचा निर्णय देतात, "समोरूनच घ्या."

माणसाच्या मागे जाणारा शॉट लोकप्रिय झाला त्याचीही एक गंमत आहे. १९६० साली 'प्रायमरी' या फिल्मसाठी रॉबर्ट ड्रू यांचे पथक अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झगडणाऱ्या केनेडी आणि हम्फ्री यांच्या प्रचारावर होते. केनेडी एका खचाखच भरलेल्या सभागृहात शिरले. ट्रायपॉड लावायला जागा नाही, बाजूला सरकायला जागा नाही. पथकातल्या अल्बर्ट मेझल्सने वाइड लेन्सचा कॅमेरा डोक्यावर धरला आणि गर्दीतून मागोमाग चालत गेला. तो शॉट अभ्यासात लागला. आता आपल्याकडे कुठलाही उमेदवार दारातून आत शिरला की धक्के शोषणाऱ्या गिंबलवर कॅमेरा लावलेला माणूस मागोमाग निघतो. अडचण एवढीच, की तिथे गर्दी नसते. मग आठ कार्यकर्ते साहेबांना हात देतात, कॅमेऱ्याच्या मागून धावत पुढे जातात आणि पुन्हा हात देतात.

त्याच 'प्रायमरी'मध्ये याहून सुंदर गोष्ट आहे. जॅकलीन केनेडी व्यासपीठावरून हसतमुखाने बोलत आहेत, आणि कॅमेरा त्यांच्या पाठीमागे गेला आहे. पाठीशी धरलेल्या, हातमोजे घातलेल्या हातांची बोटे अस्वस्थपणे चाळवत आहेत. समोरून शंभर कॅमेरे लावून हे कळले नसते. अँगल असा निवडावा, म्हणजे माणसाला आपण हलवले नाही, आपण हललो.

हातांचा विषय निघालाच आहे तर एक गुपित सांगतो. माहितीपटात मुलाखत चालू असताना मध्येच बोलणाऱ्याचे हात दिसतात. चष्मा पुसणारे, अंगठी फिरवणारे, टेबलावर ताल धरणारे. तुम्ही म्हणता, किती सूक्ष्म निरीक्षण! तसे काही नसते. तिथे एक वाक्य कापलेले असते. काका बांधकाम खात्याबद्दल बोलता बोलता मेव्हण्याच्या प्लॉटच्या भानगडीत शिरलेले असतात. मधली सात मिनिटे काढून दोन टोके जोडायची, तर चेहरा टुणकन उडी मारतो. ती उडी झाकायला हात लागतात. म्हणून चित्रीकरण संपल्यावर कॅमेरामन काकांना म्हणतो, "आता काही बोलू नका, नुसते हात हलवा." यापुढे कुठल्याही माहितीपटात हात दिसले, की मेव्हणा गेला असे समजावे.

चालण्याच्या शॉटलाही असेच राबावे लागते. काकांनी दारातून निघून गल्लीच्या टोकापर्यंत चालायचे. मग तेच अंतर दुरून, मग नुसती पावले, मग समोरून. प्रत्येक वेळी डावीकडून उजवीकडेच. काकांच्या चालण्याच्या दिशेची काल्पनिक रेषा कॅमेऱ्याने ओलांडली, तर पडद्यावर काका अर्ध्या वाटेतून घरी परत निघालेले दिसतात. चौथ्या फेरीला गॅलरीतून आवाज येतो, "काही हरवलंय का हो?" पाचव्या फेरीला शेजारचे एक गृहस्थ शोधायला खाली उतरतात आणि फ्रेममध्ये येतात.

कॅमेऱ्याकडे बघू नका, हे सांगणेही तसेच व्यर्थ. एरल मॉरिस या अमेरिकी दिग्दर्शकाने उलटे केले. बोलणाऱ्याने थेट प्रेक्षकाच्या डोळ्यांत बघावे म्हणून आरसे आणि पडदे जुळवून एक यंत्रच बनवले. लेन्सच्या जागी समोरच्याला मॉरिसचा चेहरा दिसतो आणि तो लेन्सशीच बोलतो. आपल्या आज्यांना एवढ्या खटाटोपाची गरज नाही. आजी पहिल्यापासून लेन्सकडेच बघतात. "आजी, इकडे माझ्याकडे बघा," असे सांगितले, की त्या लेन्सकडे बघूनच विचारतात, "मग हा मुलगा काय करतोय त्याच्यामागे? जेवलाय का तो?"

अलीकडे हा सगळा व्याप टाळायचा उपाय निघाला आहे : ड्रोन. २५० ग्रॅमच्या आतला असला तर नियमही फारसे आडवे येत नाहीत. कुठलाही विषय घ्या, वारली चित्रकला, सहकारी दूध संघ, तमाशा कलावंतांचे निवृत्तिवेतन, सुरुवात वरूनच. दिग्दर्शकाला भव्यता दिसते. खाली उभे राहून रिमोटच्या पडद्यात डोकावणाऱ्या गावकऱ्यांना शेजाऱ्याने बांधलेली वाढीव पडवी दिसते, आणि ती कुणाच्या हद्दीत आहे तेही. भूमापन खात्याला जे जमले नाही ते इथे पाच मिनिटांत होते. पुढचे चित्रीकरण भांडण मिटेपर्यंत तहकूब.

इतक्या हिकमतींनंतर 'खरा' अँगल कुठला, असे विचाराल तर मी आनंद पटवर्धनांच्या 'हमारा शहर'कडे बोट दाखवीन. मुंबईतल्या झोपडपट्ट्या हटवण्यावरचा १९८५ चा हा माहितीपट. त्यात रस्त्यावर आलेल्यांपैकी एक बाई कॅमेऱ्यामागच्या माणसांनाच फैलावर घेते : तुम्ही येता, आमचे फोटो काढता, याने आमचे काय भले होणार? कुठलाही शहाणा दिग्दर्शक हे पहिल्या फटक्यात कापेल. पटवर्धनांनी ठेवले. त्यामुळे काय होते, तर इतका वेळ तिच्यावर रोखलेला कॅमेरा बघता बघता आपल्यावर रोखला जातो, आणि थर्माकोल धरणाऱ्यासकट सगळे उजेडात येतात. माहितीपटाचे सत्य मला तेवढ्यापुरते मान्य आहे : कॅमेरा जागा निवडणारच, माणसे हलवणारच, कुणी कुणाला हलवले ते लपवू नये.

प्रेक्षकांची निवड आपल्या हातात नसते. एका गावावरच्या माहितीपटाचा खेळ त्याच गावात शाळेच्या भिंतीवर पडदा बांधून लावला होता. दिग्दर्शक मागे उभा राहून प्रतिक्रिया टिपत होता. त्याचा तो लांबलचक पॅन आला, पहाटेच्या धुक्यातला, ज्यासाठी सगळे पथक थंडीत कुडकुडले होते. पडद्यासमोर शांतता. दिग्दर्शक सुखावला. मग कुणीतरी ओरडले, "आमचं घर सोडलं की रं!" दुसरा म्हणाला, "तुमचं गेल्या खेपेला आलतं, निवडणुकीच्या व्हिडिओत." पुढे लो अँगल आले, हाय अँगल आले, टाइट क्लोज-अप आले, त्यांच्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही. गावाच्या लेखी शॉट दोनच प्रकारचे होते, आमचा आणि त्यांचा, आणि प्रत्येकाची लांबी सेकंदावर मोजली जात होती.

खेळ संपल्यावर सरपंचांनी आभार मानले. सगळ्यांची कामे चांगली झाली, म्हणाले. दिग्दर्शकाने धीर करून विचारले, "आणि छायाचित्रण कसं वाटलं?" सरपंचांनी जबाबदारीने विचार केला आणि निकाल दिला, "म्हैस एक नंबर आली. पण पुढच्या बारीला उजव्या अंगानं घ्या, डावं शिंग मोडलंय तिचं."